वाटेचा परिच्छेद

“मग प्रस्तावना देताय ना, सर?”

खानविलकर सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. यामिनी रहाटेच्या निबंधांचं बाड त्यांच्या मांडीवर होतं. सगळं वाचून झालं होतं, तरी सर होकार काही देत नव्हते.

यामिनीला असं ताटकळायची सवय राहिली नव्हती. खाड्या, नद्या आणि कोकणातले सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, यांवर लिहिणारी पत्रकार म्हटली, की जिल्ह्यात तिचंच नाव पुढे येई. तिच्या बातम्यांनी चिऱ्याच्या खाणी बंद पाडल्या होत्या. धमक्या आल्या, गाडीच्या काचा फुटल्या, ही बधली नाही. पुण्याच्या पुरस्काराची शाल तिने कपाटात ठेवली नव्हती, खुर्चीच्या पाठीवर टाकली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. अभिमान होताच तिला. आणि का नसावा? फुकट थोडंच मिळालं होतं सगळं.

आता पहिलं पुस्तक निघत होतं. प्रस्तावना हवी होती ती खानविलकर सरांचीच. त्यांच्याच साप्ताहिकात ती लिहायला शिकली होती.

“तो शेवटचा निबंध...” सर म्हणाले.

“कंदीलपुष्पाचा? सगळ्यांत चांगला तोच आहे.”

“हो.”

“त्या सड्यावर खाणवाल्यांचा डोळा आहे, सर. पुस्तक आलं की लोकांना कळेल तिथे किती दुर्मीळ फूल फुलतं ते. मग लावा म्हणावं मशीन.”

सर काठी घेऊन उठले.

“चल. बघून येऊ.”

“चला, मी दाखवते.”

“तू मागून यायचं. आणि बोलायचं नाही.”

रिक्षाने दोघं सड्याखालच्या गावातल्या शाळेपर्यंत गेली. पुढे सड्याची चढण होती. सर या गावात कधी आले नव्हते. त्यांनी शेवटच्या निबंधाची पानं तेवढी हातात घेतली, डोळ्यांशी धरली आणि चालू लागले.

दगडी कुंपणाचा गडगा संपला, तसे डावीकडे वळले.

एकट्या कुंभ्याच्या झाडाकडे तोंड केलं. पुन्हा पानात पाहिलं.

कातळ पायाखाली पोकळ वाजू लागला, तिथे थांबले. काठी आपटून खात्री केली. करवंदीची जाळी शोधली, वळसा घालून तिच्या दक्षिणेला गेले आणि गुडघ्यांना शिव्या घालत खाली वाकले.

गवतात कंदीलपुष्प उभं होतं. करंगळीएवढं, हिरवट जांभळं, आपल्याच तोऱ्यात.

यामिनीचा ऊर भरून आला. बोलायचं नाही हे ती विसरलीच.

“पाहिलंत, सर? कुणाला विचारावं लागलं नाही. नुसत्या माझ्या लिखाणावर आलात.”

“नुसत्या लिखाणावर.”

“कुठे अडलात?”

“कुठेच नाही. एक शब्द कमी नाही की जास्त नाही.” सर धापा टाकत होते. “मोतीबिंदू आहे मला, यामिनी. गुडघे कधीच गेलेत. तरी पोचलो...”

ती हसली. मग तिची नजर खाली गेली.

सर जपूनच आले होते. तरी त्यांच्या पावलांखाली गवत आडवं झालं होतं, आणि त्या आडव्या गवतात दुसरं एक रोप मोडून पडलं होतं. कळी होती त्याला.

सरांनीही ते पाहिलं. लपवलं नाही.

यामिनीला कॅमेरेवाले आठवले. फोटो स्वच्छ यावा म्हणून फुलाभोवतालचं गवत उपटणारे. दुसऱ्या एका सड्यावरून त्यांची बातमी तिनेच दिली होती. आणि इथली वाट त्यांना आता तीच सांगत होती. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला.

“नेमकं लिहायला तुम्हीच शिकवलंत. दिशा द्या, खूण द्या, भोंगळ लिहू नका. माझी पहिली बातमी एवढ्यासाठीच परत केली होती तुम्ही.”

“केली होती.”

“आणि हे लिहिलंच नाही तर? खाण येईल. मग ना गवत राहील, ना फूल.”

“येईल.”

“मग मी करू काय?”

सर कातळावर बसले. वारा सुटला होता.

यामिनीने त्यांच्या हातातली पानं घेतली आणि पेन काढलं.

गडगा, कुंभा, पोकळ वाजणारा कातळ, करवंदीची जाळी. वाटेचा तो सबंध परिच्छेद. तिचा त्याच्यावर फार जीव होता; प्रकाशनाच्या समारंभात वाचायला तोच निवडून ठेवला होता. तिने त्यावर रेघ मारली. एका फटक्यात नाही जमलं, ओळ ओळ करत मारावी लागली. खाणीबद्दलचं मात्र एक अक्षर खोडलं नाही.

“ऐका आता.”

सरांनी डोळे मिटले. ती वाचत गेली. सड्याचं नाव आलं, खाणवाल्यांची नावं आली, परवान्यावर कोण सही करणार तेही आलं. मग फूल आलं.

“सडा दिसला,” सर म्हणाले. “फूलही दिसलं.”

“आणि जागा?”

“सडा केवढा मोठा आहे...”

यामिनी मान ताठ करून उभी होती. आपलं सर्वांत चांगलं तेच आपण खोडलं, याचाही तिला आता अभिमान वाटायला लागला होता. स्वभाव थोडाच एका सकाळीत बदलतो.

“आता तरी प्रस्तावना द्याल?”

“देईन. एकच ओळ.”

“कोणती?”

सर काठीवर भार देऊन उठले. मोडलेल्या रोपाला वळसा घालून त्यांनी पहिलं पाऊल टाकलं.

“‘हिला वाट ठाऊक आहे.’”