दक्षिणेची खिडकी

विषय : घराच्या दक्षिण भिंतीला खिडकी पाडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : पौषातली थंडी.

आता हकीकत. फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ राज्यात दक्षिणेला खिडकी ठेवण्यास बंदी होती. दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे खिडकी ठेवली की तो आत येतो, असे तिथल्या दिशा-खात्याचे मत होते. त्यामुळे सगळी घरे उत्तरेकडे तोंड करून कुडकुडत. दर हिवाळ्यात काही तान्ही मुले दगावत. त्या वेळी यम कोणत्या खिडकीतून आला, याची चौकशी खात्याने कधी केली नाही.

त्या राज्यात घोंगड्या विणणारा एक माणूस होता. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. दिवस पौषात भरणार होते. आदल्या हिवाळ्यातच शेजारणीचे नातवंड थंडीने गेले होते, त्यामुळे विणकराच्या बायकोच्या डोळ्याला डोळा लागेना.

तिची मांजर रोज घरामागे, दक्षिणेच्या भिंतीला टेकून बसे. एकदा तिने विचारले, "चूल सोडून इथे काय ठेवलंय गं, मने?"

"हात लावून बघ," मांजर म्हणाली. "चुलीत लाकडं घालावी लागतात. हिला नाही."

भिंत चांगली गरम होती.

नवऱ्याने रीतसर अर्ज केला. खात्याने तो सावकाश वाचला आणि शेरा मारला : यमाचे ना-हरकत पत्र जोडावे.

"ते आणायला जायचं कुणी?" बायको म्हणाली. "आणि गेलेला परत यायचा कसा? तुम्ही पहार घ्या."

दक्षिणेच्या भिंतीला खिडकी पाडली. हिवाळ्यातले तिरपे ऊन आत यावे आणि उन्हाळ्यातले डोक्यावरचे ऊन बाहेरच अडावे, इतपत छप्पर पुढे काढले. आत काळी फरशी बसवली. उत्तरेची भिंत बिनखिडकीची करून तिला धान्याच्या कणग्या लावल्या. फरशी दिवसभर तापे. संध्याकाळी खिडकी लावून घेतली की ती ऊब रात्रभर घरात राही.

पौषात नात झाली. आजी सारखी उठून तिचे तळपाय चाचपत असे. दर वेळी ते गरमच. शेवटी आजीलाही गाढ झोप लागली.

महिन्याभराने दिशा-खात्याचे एक अधिकारी खिडकी बुजवायला आले. बाळ उन्हात हातपाय उडवत होते. अधिकारी पाहणीसाठी टेकले, शाल काढली आणि तिथेच घोरू लागले. ऊन कलल्यावर जागे झाले, तेव्हा बराच वेळ फरशीवर हात ठेवून बसले.

"आमच्या सूनबाईंचेही दिवस भरत आलेत," ते हळूच म्हणाले. "तिला रोज दुपारी इकडे आणलं तर चालेल?"

"रोज कशाला तंगडतोड, साहेब?" आजी म्हणाली. "पहार घेऊन जा की."

साहेबांनी ती शालीखाली लपवून नेली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत पहार राज्यभर फिरून आली, आणि त्या वर्षी एकही पाळणा रिकामा झाला नाही.

तात्पर्य : भीतीपोटी बंद केलेली खिडकी संकटाला अडवत नाही, उन्हाला मात्र अडवते.

विणकराचा अर्ज यमाच्या पत्राअभावी अद्याप प्रलंबित आहे.