फेट्यातली गोगलगाय

विषय : पालिका शाळेचे चित्रकला शिक्षक दिगंबर खटावकर यांना नोकरीतून कमी करणे.
संदर्भ : नगराध्यक्ष भुजंगराव तावरे यांचा लेखी तक्रारअर्ज.

खटावकर गुरुजी गावच्या साप्ताहिकात व्यंगचित्र काढत आणि त्यात दर वेळी एक वस्तू लपवत. वाचक ती शोधून पत्राने कळवत. या खेपेला चित्रात एक फेटेवाला पुढारी होता.

पालिकेच्या भरसभेत भुजंगराव म्हणाले, "मास्तर, पालिकेचा चोरीला गेलेला पाण्याचा पंप तुम्ही माझ्या फेट्यात दाखवलात. माफी मागा, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

गुरुजींच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. त्यांनी पिशवीतली वाचकांची पत्रं काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, फेट्याच्या घडीत मी गोगलगाय काढली आहे. या एकेचाळीस जणांनाही गोगलगायच दिसली. पंप फक्त आपल्याला दिसला. चौकशी अधिकारी बिचारे दोन महिने तो शोधताहेत, आपला अर्ज त्यांच्याकडे पाठवायचा का?"

कोणी हसलं नाही. सगळे भुजंगरावांच्या फेट्याकडे पाहत राहिले.

भुजंगरावांनी त्याच दुपारी तक्रार मागे घेण्याचा अर्ज दिला. मूळ तक्रार चौकशी अधिकाऱ्यांनी मागवून घेतल्यामुळे हा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.