गव्याचा एक खडा

रानातली जनावरं अजून एकमेकांशी बोलत होती, तेव्हाची गोष्ट. पावसाळा सरला की सगळी मिळून ओढ्यावर बांध घालायची, म्हणजे मागे साठलेला डोह उन्हाळाभर पुरायचा. नियम एकच, प्रत्येकाने एक दगड आणायचा. धिप्पाड गवाही आणायचा, पण बोराएवढा खडा, ओठांत धरून.

एके वर्षी ओढ्याला जोर होता. बांध अर्धाच झाला आणि पाणी वाहून जाऊ लागलं.

"आणखी आण की," चिचुंद्री गव्याला म्हणाली.

गवा फुरफुरला. "का म्हणून? तुझा एक, माझा एक. अंगात ताकद आहे म्हणून मलाच दंड? मी जास्त आणले की तुम्ही पाय पसरून बसाल."

"आमचा एकेक चुकणार नाही. पण डोह आटला तर खडकाच्या खाचेतल्या पाण्यावरही माझं भागेल. तुझं काय?"

गव्याने एकदा वाहून जाणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. मग त्याने डोक्याने ढकलत एक धोंडा आणला. मग दुसरा.

ऐन वैशाखात डोह भरलेला होता. चिचुंद्री तीन थेंब प्यायली आणि मिशा पुसून निघाली.

"बस, एवढंच?" गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या गव्याने विचारलं.

"माझं पोट भरलं," ती म्हणाली. "तुझं चालू दे."