ठकूची मोकळी जागा

डोहवाडीला नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर, एका भोयाच्या अंगणात, अर्जुनाचे जुने झाड आहे. नदीकाठच्या इतर अर्जुनांसारखेच त्याचे खोड गोरे आणि गुळगुळीत; चैत्रात सालीचे पापुद्रे सुटून आपोआप खाली पडतात. मात्र कमरेच्या उंचीवर खोडाभोवती एक जाड, खडबडीत कडे आहे, आणि तेवढ्या भागाची साल कधीच सुटत नाही. शेजारी आणखी एका झाडापुरती जागा मोकळी ठेवलेली दिसते. पाहुण्यांनी कड्याविषयी विचारले, की गावातले वृद्ध सखोबा भोई आधी त्या मोकळ्या जागेकडे बोट करतात. ‘कडं मग बघा,’ म्हणतात, ‘गोष्ट हितनं सुरू हुते.’

ते सांगतात ते असे. या घरात फार पूर्वी ठकू आणि भिवरा या दोन सख्ख्या जावा नांदत होत्या. सून घरात आली, की सासूने तिच्या नावाने नदीकाठचे अर्जुनाचे रोप आणून अंगणात लावायचे, अशी घरची रीत. मासे धरायची जाळी तेव्हा तागाच्या सुताची असत. अर्जुनाची साल उकळून त्या रंगात बुडवली, की ती पाण्यात लवकर कुजत नसत. त्यामुळे जिच्या झाडाची साल चांगली, तिच्या दारात साऱ्या आळीची ये-जा.

ठकू थोरली, तिचे झाडही थोरले. पण तिच्या अंगी धीर नव्हता. साल सुटण्याची वाट न पाहता ती कोयत्याने ओरबाडून काढी, आणि तिच्या हंडीतला रंग फिका उतरे. भिवरा गळलेले पापुद्रे तेवढे वेची. तिची जाळी तांबडी, राकट होऊन निघत. हळूहळू माणसे थोरलीचे दार ओलांडून धाकटीकडे जाऊ लागली. ठकू उंबऱ्यावर बसून नुसत्या पावलांवरून माणूस ओळखी. कोण आले, किती वेळ टेकले, आत हसू कशाचे झाले, यापलीकडे तिला काही सुचेनासे झाले.

‘अक्का, माझ्याकडची न्या की,’ भिवरा म्हणे. ‘ढिगानं पडलीया.’

‘पडली असंल. माझ्या झाडाला काय रोग आलाय व्हय?’

भिवराने दोन शब्द सुनावले असते, तर ठकूला ते सोसले असते. तो मोकळा हातच तिला सोसवेना.

एका दुपारी सगळे डोहावर गेलेले असताना तिने कोयता उचलला आणि भिवराच्या झाडाची साल कमरेच्या उंचीवर, चौफेर, वीतभर रुंद काढून टाकली. असे सोललेले झाड उभ्या जागी वाळते, हे भोयांच्या लेकीबाळींनाही ठाऊक असते.

दिवेलागणीला भिवरा परतली. तिने उघड्या खोडावरून बोट फिरवले. प्रत्येक घावाच्या कडेला एक बारीक रेघ उमटली होती. ठकूच्या कोयत्याच्या धारेला नेमकी तिथेच खाच, खांड पडलेली होती. भिवरा थोरलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

‘अक्का, असं काय हुतं माझ्याजवळ?’

ठकू म्हणाली, ‘लोकं तुझ्याकडं बसायची गं.’

‘आन मी तुमच्यावर जळत हुते,’ भिवरा म्हणाली. ‘सासूबाईंनी जाळं विणायची सुई तुमच्या हातात दिली. मला कधी शिवू दिली न्हाई.’

मग ठकू उठली. तिने आपल्या झाडाची साल उभ्या पट्ट्यांनी, खोडाभोवती सगळीकडून सोडवली, भिवराच्या झाडाच्या जखमेवर बसवली, वरून नदीची माती लिंपली आणि जुन्या जाळ्याने आवळून बांधली. बांधता बांधता ती नवस बोलली, की हे जगले तर या आळीत कोणी आपल्या दारची साल घेणार नाही. दुसरीच्या दारी मागेल, आणि मागण्याआधी त्या दुसरीचे काय आपल्या डोळ्यांत खुपते ते तोंडाने सांगेल.

भिवराचे झाड जगले. ठकूचे त्याच वर्षी पावसाळ्याआधी वाळले; त्याची जागा तेव्हापासून मोकळीच आहे. आणि म्हणे, भिवराच्या झाडाला पालवी फुटली, तेव्हाही ठकूच्या पोटात दुखलेच. फरक एवढाच, की या खेपेस तिने ते जाऊन भिवराला सांगितले. हेवा नाहीसा झाला, असे ही आख्यायिका कुठेच म्हणत नाही.

जाळी नायलॉनची झाल्यापासून त्यांना रंगाची गरज उरलेली नाही. तरी आजही चैत्रात डोहवाडीच्या घराघरात सुताचे एखादे जुने जाळे रंगवतात आणि त्यासाठी बाया एकमेकींच्या दारात उभ्या राहतात. ‘तुझी सून तुझ्या शब्दाबाहेर न्हाई, त्येच खुपतं बघ,’ एखादी म्हणते. ‘साल ने,’ आतून उत्तर येते, ‘सुनंला हात लावू नगंस.’ हसत हसत पदरात पापुद्रे पडतात.

पण एखादी बाई कोणाच्या दारात जाण्याआधी त्या मोकळ्या जागेपाशी थांबते. तिथे झाड नाही, मागायला साल नाही. ती ओठ हलवते, पदर सारखा करते आणि पुढे जाते. ती काय बोलली, हे आजही तिथे कोणी कोणाला विचारत नाही.