संगजिऱ्याचा अंगारा

"म्हणजे या पुडीत काय असतं, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की," दाजीबुवा म्हणाले. "पोती तुझ्याच गिरणीतून येतात, तेरसे. पावतीवर सही माझी असते."

मनोहर तेरशांना वाटलं होतं, बुवा निदान दचकतील. पण सकाळपासून साऱ्या गावाला अंगारा वाटून बुवांचा खांदा भरून आला होता, आणि दचकायलाही थोडा जोर लागतो.

तेरसे दगड दळत. संगजिरं, चुनखडी, चिनी माती, अल्युमिना... डोंगरातून निघेल ते बारीक करायचं आणि पोत्यात भरायचं. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की तिच्यात आपला माल किती, हे त्यांना आधी दिसे. अशा माणसाला गुरू मिळणं कठीण. तरी ते दर गुरुवारी मठात येत.

"अंगारा गोवऱ्यांच्या राखेचा असतो, बुवा."

"असायचा. मग भक्त वाढले आणि गायी कमी झाल्या. कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवू, तूच सांग."

"पण संगजिरं? आमच्याकडचा सगळ्यात हलका माल तो!"

"मग भारी कुठला?"

आपण रागावलो आहोत हे तेरसे विसरले.

"अल्युमिना. लाल दगड कॉस्टिक सोड्यात शिजवतात. लाल गाळ तळाला बसतो. वरचं निवळ पाणी थंड करत ठेवलं की पांढरी भुकटी उतरते. ती भाजली की झाला अल्युमिना. पोलादाच्या भट्टीतल्या विटांत तो, घासकागदावर तो, गाडीच्या स्पार्क प्लगमध्ये तो..."

"मग देवाच्या कामाला तो का नाही पाठवलास?"

"मठाला परवडला नसता."

"बघ."

हातातली पुडी तेरशांनी उगाच उलटसुलट केली.

"आईचं काही खरं नाही, बुवा. डॉक्टरांनी हात टेकलेत. रोज म्हणते, मनू, बुवांचा अंगारा लाव, तुझ्या हातानं लाव. मी पुडी उघडतो... आणि हात पुढे जात नाही. मरत्या आईच्या कपाळाला फसवणूक कशी लावू?"

"गोळ्या देतोस तिला?"

"वेळच्या वेळी."

"त्यांत काय असतं?"

तेरशांनी खाली पाहिलं. "औषध मोहरीएवढं. बाकी आमच्यासारख्यांची पूड. नुसतं औषध चिमटीत यायचं नाही."

"त्या देताना हात पुढे जातो?"

"ते वेगळं. ती फसवणूक नव्हे. वेष्टनावर छापलेलं असतं."

बुवा हसले असते, पण हसलं की खांद्यात कळ येई. त्यांनी तेरशांच्या हातातली पुडी घेतली, उघडली आणि पायरीवरून खाली झटकली. पांढरी पूड थोडा वेळ हवेत राहिली, मग दिसेनाशी झाली.

"गेली फसवणूक. आता घरी जा आणि आईच्या कपाळावर नुसतं बोट टेकव."

"नुसतं?"

"नुसतं."

तेरसे उठले. चपला घातल्या. अंगणाच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले.

बुवांना वाटलं, आता जाईल. तेवढ्यात ते परत आले.

"बुवा..."

"आता काय?"

"सणावारी मी तिच्या पाया पडतो. तेही लांबूनच. कपाळाला हात... शाळेत असताना कधी लावला असेल तर. आता उगाच कसा लावू? काय वाटेल तिला?"

बुवांनी डोळे मिटले. तेरशांना वाटलं, झोपले.

मग दुखरा खांदा सांभाळत बुवांनी मागच्या टोपलीत हात घातला, एक पुडी काढली आणि पुढे केली.

"मग ही ने."