घाटातलं जास्तीचं वजन

डिझेल कसं वाचवावं, हे पंचक्रोशीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही. माझ्या जीपला बारा वर्षांत थेंबभर डिझेल लागलेलं नाही. इंजिनच नाही तिला. आत कोंबड्या अंडी घालतात.

डोंगरवाडीचा गेणबा मात्र खराखुरा ड्रायव्हर होता, आणि भोळा. हरबामामांची जीप चालवायचा. सांगाल तेवढं करायचा. तीच तर पंचाईत.

मामा म्हणाले, "गेणबा, सारखा ब्रेक मारतोस, डिझेल वाया जातं. उगाच ब्रेक मारू नको."

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी मामांच्या सासूबाईंना घरी सोडायचं होतं. घर आलं. घर गेलं. सासूबाई ओरडत राहिल्या. गेणबानं ब्रेकला पाय लावला नाही. जीप थांबली ती कडब्याच्या गंजीत.

मामांनी कपाळ बडवलं. "अरे, माणूस उतरतो म्हणाला की थांबायचं! आणि थांबलं की इंजिन बंद करायचं."

"बरं मामा. आधी नाही का सांगायचं?"

तिसऱ्या दिवशी भरल्या ओढ्यात जीप घातली. मधोमध गेल्यावर मागं बसलेले सदाशिवतात्या घाबरले. "बाबा रे, मला उतरू दे!"

गेणबा तिथंच थांबला. इंजिन बंद केलं. पाणी सीटवर चढलं. जीप बैलांनी ओढून काढली. तात्यांना गेणबानं पाठुंगळी घेतलं.

मामांनी पुन्हा कपाळ बडवलं. "पाण्यात कुणी थांबतं का? बरं, आता शेवटचं सांगतो. चढाला वजन असलं की गाडी डिझेल पिते. घाट लागायच्या आधी जास्तीचं वजन उतरव. उद्या भाच्याचं लग्न आहे. उद्याही डिझेल वाचलं नाही, तर तुझी नोकरी गेली."

"बरं मामा."

वऱ्हाड टेम्पोनं पुढं गेलं. जीपमध्ये नवरदेव आणि लग्नाचं सामान. घाटाच्या पायथ्याशी गेणबानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि सामान न्याहाळलं. समया हव्यात. पातेली हवीत. लाडू तर हवेतच. मग त्यानं नवरदेवाकडं पाहिलं. नवरदेव चांगले भरदार होते.

"दादा, जरा खाली उतरता का?"

नवरदेव बाशिंग सावरत उतरले. जीप भुर्रकन घाट चढली.

मांडवाच्या दारात गेणबा छाती फुगवून उभा राहिला. "मामा, निम्म्या डिझेलमध्ये आलो!"

मामांनी तिसऱ्यांदा कपाळ बडवलं. मुलीचे वडील हैबतराव पुढं आले. "नवरदेव कुठायत?"

"घाटाखाली. वजन फार होतं हो."

आत भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला होता. हैबतरावांनी गेणबाला नखशिखांत पाहिलं.

"शाबास! मग आता माझ्या पोरीनं माळ कुणाला घालायची, तुझ्या डिझेलच्या टाकीला?"