गोण्यांवर पारखलेली गाडी

फार पूर्वी एका जत्रेत लाकडी रोलर कोस्टरची गाडी होती. धावून धावून ती पार शिणली होती, आणि उतरणारी माणसं कंबर धरून तिलाच शिव्या घालत.

एके दिवशी तिला बांधणारा हैबती सुतार कुऱ्हाड घेऊन आला. "गादी घातली, तरी लोक कण्हतातच. खोडच वाईट तुझी, बये. आता सरपण करतो."

"कर, सुटेन एकदाची," गाडी म्हणाली. "पण मेल्या, चाचणीला तू वाळूच्या गोण्या बसवल्यास. गोणी कधी कण्हते का? एकदा स्वतः बस."

हैबती तावातावाने बसला आणि कंबर धरून उतरला. कुऱ्हाड तिथंच टाकून, तसाच वाकलेला तो हिसका बसलेल्या वळणावर गेला आणि लाकडी रुळांचे वर आलेले सांधे तासू लागला.

त्या दिवशी गाडीला पहिल्यांदा विसावा मिळाला.